रंग ओला राखणारा डबा

पर्युषणाच्या पाचव्या दिवशी, महावीर जन्मवाचनाच्या वेळी, त्रिशलामातेची चौदा स्वप्ने एकेक करून सभेसमोर अवतरतात. चांदीची ती स्वप्ने पाहताना मुलांच्या डोळ्यांत जे कुतूहल चमकते, त्यातूनच पुढे घरोघरी एक छोटा संकल्प जन्म घेतो : आपणही ही चौदा स्वप्ने आपल्या हाताने रंगवावीत, जुन्या कल्पसूत्राच्या पानांवर असतात तशी, तळहाताएवढ्या चौकटींत. दिगंबर घरांत हीच स्वप्ने सोळा होतात. संकल्पाचे स्वरूप मात्र बदलत नाही.

संकल्प करणे सोपे असते. भिवंडीसारख्या गावात तो तडीस नेणे अवघड जाते, आणि त्याचे कारण श्रद्धेत नसून रंगात आहे. घरातल्या माणसांना मोकळा वेळ मिळतो तो तुकड्यातुकड्यांनी. दुकान किंवा गोदाम बंद झाल्यावर, स्वयंपाक आवरल्यावर, मुलांचा अभ्यास संपल्यावर जेमतेम एका सामायिकाइतकी, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांची सवड उरते. तेवढ्या वेळात गजाच्या पाठीमागची तांबडी भूमी रंगवायची. दुसऱ्या दिवशी वृषभामागे तीच तांबडी हवी, तिसऱ्या दिवशी सिंहामागेही तीच. पण ताटलीत कालवून ठेवलेला ॲक्रिलिक रंग पंख्याच्या वाऱ्याखाली काही मिनिटांतच साय धरतो आणि सकाळपर्यंत प्लॅस्टिकच्या टिकलीसारखा कडक होतो. पुन्हा नवा रंग कालवावा, तर कालची छटा जमत नाही. सातव्या-आठव्या स्वप्नापर्यंत भूमीच्या तीन वेगवेगळ्या तांबड्या झालेल्या असतात, आणि पट अर्धाच राहून कपाटात जातो.

या अडचणीवर एक साधा घरगुती उपाय आहे. चित्रकार त्याला वेट पॅलेट म्हणतात. मराठीत त्याला ओली रंगपाटी म्हणता येईल.

जुन्या चित्रकारांना ही अडचण का नव्हती

पश्चिम भारतातील जैन ग्रंथचित्रांची परंपरा जवळजवळ हजार वर्षांची आहे. जैसलमेरच्या ज्ञानभांडारातील ओघनिर्युक्तीची सचित्र ताडपत्र प्रत इसवी सन १०६० ची आहे. दक्षिणेत मूडबिद्री येथील धवला ग्रंथाच्या ताडपत्रांवर बाराव्या शतकातील चित्रे आहेत. ताडपत्र अरुंद असते. त्यामुळे चित्रही काही बोटांच्या उंचीतच बसवावे लागे. चौदाव्या शतकापासून कागद रूढ होत गेला, तरी पोथीच्या पानाचा आडवा घाट टिकून राहिला. ताडपत्रांत दोरी ओवण्यासाठी छिद्र असे. कागदाला त्याची गरज उरली नाही, पण त्या जागी एक रंगीत ठिपका काढण्याची रीत पुढेही चालू राहिली. पंधराव्या शतकातील कल्पसूत्राच्या आणि कालकाचार्यकथेच्या प्रतींत तांबड्या भूमीच्या जोडीला लाजवर्दी निळा आणि सोने मुक्तहस्ताने वापरलेले दिसते. मुखाच्या रेषेबाहेर आलेला दुसरा डोळा ही या शैलीची ओळख.

या चित्रांचे रंग खनिजांपासून, वनस्पतींपासून आणि काजळीपासून तयार होत. ते खलात तासन्‌तास घोटून त्यांत बाभळीचा डिंक मिसळत आणि शिंपल्यांत भरून ठेवत. डिंकाचा गुण असा की, तो वाळला तरी पाण्याचा थेंब पडताच पुन्हा विरघळतो. शिंपल्यातला रंग वर्षभर कोरडा पडून राहिला, तरी ओल्या कुंचल्याच्या स्पर्शाने तो जागा होई. चित्रकाराला रंग ओला राखण्याची चिंता नव्हती.

ॲक्रिलिक रंगाचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग १९५० च्या दशकात कलावंतांच्या हाती आले. त्यांत रंगाचे कण एका कृत्रिम राळेच्या सूक्ष्म थेंबांसह पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते थेंब एकमेकांना चिकटून एकसंध पापुद्रा होतो, आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. चित्र टिकाऊ होते ते याच गुणामुळे, आणि ताटलीतला रंग वाया जातो तोही याच गुणामुळे.

मग डिंकाचेच रंग का वापरू नयेत? अवश्य वापरावेत, ज्यांना ते जमतात त्यांना ओल्या पाटीची गरजच नाही. उलट डिंकाचा रंग अशा पाटीवर ठेवला, तर तो सतत पाणी पिऊन पातळ होतो आणि पसरतो. परंतु जुन्या रंगांपैकी हिंगुळात पारा असतो, हरताळात सोमल असतो आणि जुन्या सफेद्यात शिसे असते. घरात मुले असताना ते घोटणे धोक्याचे आहे. शिवाय डिंकाच्या रंगावर दुसरा हात फिरवला की खालचा थर सुटतो. नवशिक्याला ते सांभाळणे कठीण जाते. म्हणून घरगुती सरावासाठी बहुतेक जण ॲक्रिलिककडे वळतात.

पाटी कशी चालते

ओल्या पाटीचे तत्त्व कंदिलाच्या वातीसारखे आहे. वात जसे तेल वर ओढते, तसे ओले कापड पाणी वर ओढते. कापडावर असा कागद पसरायचा, जो ओल अंगात मुरू देईल पण पाणी वाहू देणार नाही. रंग त्या कागदावर ठेवायचा. वरून जेवढे पाणी हवेत उडते, साधारण तेवढेच खालून झिरपत येते, आणि रंगाचा पापुद्रा धरत नाही. झाकण लावले की डब्यातली हवा दमट राहते आणि उडून जाणेही थांबते. छोट्या मूर्ती आणि बाहुल्या रंगवणाऱ्या परदेशी छांदिष्टांत ही पाटी सर्रास वापरली जाते. बाजारात ती तयार मिळते. पण तिच्यात असे काहीच नाही, जे भिवंडीच्या घरात सापडणार नाही.

डबा. सुक्या मेव्याचा किंवा मिठाईचा चपटा, पक्क्या झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा. वीतभर लांब आणि तीन-चार सेंटिमीटर खोल असला की पुरे. त्यात चमचाभर पाणी घालून, झाकण लावून तो उलटा धरावा. थेंब गळला नाही, तर डबा योग्य. झाकणाचे या गावात आणखी एक काम आहे. यंत्रमागांच्या परिसरात हवेत कापसाचे तूस तरंगत असते. उघड्या रंगावर ते बसले, तर कुंचल्यातून थेट चित्राच्या रेषेत उतरते. काम थांबले, अगदी दूरध्वनी घेण्यासाठी उठावे लागले, तरी झाकण लावण्याची सवय ठेवावी.

कापड. डब्याच्या तळाएवढी सुती कापडाची चार ते सहा पदरी घडी लागते. कापडाच्या गावात कापडाची वाण नाही. पण नेमकी इथेच चूक होते. मागावरून उतरलेले कोरे ग्रे कापड जसेच्या तसे वापरू नये. विणताना सूत तुटू नये म्हणून ताण्याला सायझिंगमध्ये कांजी चढवलेली असते. ही कांजी पाणी शोषू देत नाही. शिवाय तिच्यातील पिष्ट बुरशीचे आवडते खाद्य आहे. ग्रे कापड वापरायचेच असेल, तर चिमूटभर धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात ते वीस मिनिटे उकळावे आणि दोन-तीन वेळा स्वच्छ खळबळावे. वाळल्यावर त्याच्या कोपऱ्यावर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकावा. डाग काळानिळा झाला, तर कांजी अजून शिल्लक आहे. पिवळसर तपकिरीच राहिला, तर कापड तयार आहे. तेवढा कोपरा कापून टाकावा. याहून सोपा मार्ग म्हणजे वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेला जुना पंचा किंवा मलमलीचा तुकडा. कडा दुमडून शिवल्या की सुटे धागे रंगात येत नाहीत.

कापडाऐवजी स्पंज वापरण्याचा सल्लाही अनेकदा दिला जातो. कृत्रिम स्पंज चालतो. समुद्री किंवा नैसर्गिक म्हणून विकला जाणारा स्पंज मात्र एका जलचर प्राण्याचा सांगाडा असतो. तो जैन घरात येऊ नये.

कागद. केक-बिस्किटांच्या ताटाखाली घालण्याचा बेकिंग पेपर यासाठी योग्य. बाजारात बटर पेपर या एकाच नावाने निरनिराळे कागद विकले जातात, म्हणून पारख करून घ्यावी. कागदाचा तुकडा ओल्या कापडावर पाच मिनिटे ठेवावा. तो किंचित मऊ पडला, वरून बोटाला गार आणि ओलसर लागला, पण चोळल्यावर सुटला नाही, तर तो चालेल. अगदी कोरडाच राहिला, तर त्यावर मेण किंवा जाड लेप आहे. फाटला किंवा लगदा झाला, तर तो फारच शोषक आहे. दोन्ही उपयोगाचे नाहीत.

पाणी. गाळून, उकळून थंड केलेले पाणी घ्यावे. कापड पूर्ण भिजेपर्यंत पाणी घालावे आणि मग डबा तिरपा करून जादा पाणी काढून टाकावे. बोटाने दाबल्यावर कापड चमकले पाहिजे, पण बोटाभोवती तळे साचता कामा नये. आता कागद कापडापेक्षा थोडा लहान कापून, दोन्ही बाजूंनी ओला करून घडीवर पसरावा आणि मधून कडेकडे हात फिरवून खालची हवा काढावी. बुडबुडा राहिला, तर त्या जागी ओल पोहोचत नाही आणि तेवढाच रंग वाळतो.

पाटी तयार झाली. तिच्यावर प्रत्येक रंग तांदळाच्या दाण्याएवढाच घ्यावा. लघुचित्राला त्याहून अधिक लागत नाही. रंग आपोआप पसरू लागला, तर पाणी जास्त झाले. कागदाचे टोक काही वेळ उचलून ओल टिपून घ्यावी. कडा अर्ध्या तासात सुकू लागल्या, तर कागदाखाली चमचाभर पाणी सोडावे. सोनेरी आणि रुपेरी रंग या पाटीवर कधीच घेऊ नयेत. त्यांतील चमकीचे कण ओलीबरोबर सुटून शेजारच्या रंगांत शिरतात. त्यांच्यासाठी वेगळी लहान वाटी बरी.

नळीवरची बारीक अक्षरे

जैन घराने रंग घेताना नळीच्या मागची बारीक अक्षरेही वाचावीत. आयव्हरी ब्लॅक किंवा बोन ब्लॅक नावाचा काळा रंग, ज्याचा संकेत पीबीके ९ असा छापलेला असतो, तो जाळलेल्या हाडांपासून बनतो. त्याऐवजी काजळीचा पीबीके ७ किंवा लोहापासून बनणारा पीबीके ११ घ्यावा. कार्माइन हा किरमिजी रंग, संकेत एनआर ४, कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढतात. तशी छटा देणारे कृत्रिम रंग सहज मिळतात. जलरंगाच्या अनेक उंची कागदांना जिलेटिनचे पाणी दिलेले असते. दुकानदाराला ते स्पष्ट विचारावे. खार किंवा सेबल यांच्या केसांचे कुंचले जुन्या काळी अपरिहार्य होते. आता कृत्रिम तंतूंच्या कुंचल्याचे टोकही डोळ्याची पापणी रेखण्याइतके बारीक मिळते, आणि ॲक्रिलिक रंगाला तेच अधिक मानवतात.

पाटीचा गुण आणि जैन घराची अडचण

आता या विषयातील खरी अडचण. ओल्या पाटीची मोठी वाखाणणी होते ती अशी की, झाकण लावून ती आठवडाभर ठेवली तरी रंग ताजा राहतो. जैन घरात नेमका हाच गुण विचार करायला लावतो. अंधारात, झाकणाखाली, दिवसेंदिवस ओले राहिलेले कापड म्हणजे बुरशीला निमंत्रण. इरियावही सूत्रात ज्या जीवांच्या विराधनेबद्दल श्रावक क्षमा मागतो, त्यांत पाण्याबरोबर पणगाचाही, म्हणजे बुरशी-शेवाळाचाही उल्लेख आहे. शास्त्राने तिची गणना अनंतकायांत केली आहे. चौदा स्वप्नांचा पट रंगवण्यासाठी ज्या डब्यात अनंत जीवांची उत्पत्ती आणि मग आपल्याच हाताने त्यांची हानी होणार असेल, तो डबा त्या पटाला शोभेल काय?

ही शंका वरवरची नाही. पट रंगवण्याची घाई होते ती पर्युषणापूर्वी, म्हणजे ऐन चातुर्मासात. खाडीच्या आणि पावसाच्या दमट हवेत भिवंडीत पापडाच्या डब्यालाही बुरशी धरते, तिथे ओल्या कापडाची काय कथा! काही जण डब्यात तांब्याचे नाणे किंवा पट्टी टाकतात. तांब्यामुळे बुरशी उशिरा धरते हे खरे. परंतु तो उपाय उगवणाऱ्याला मारण्याचा आहे. जयणेची शिकवण त्याच्या एक पाऊल आधीची आहे : उगवू देऊ नये.

त्यासाठी पाटी सोडण्याची गरज नाही. तिचा उपयोग कशासाठी करायचा, हे ठरवून घेतले की पुरे. पाटीकडून दोन कामांची अपेक्षा असते. बसलेल्या वेळेपुरता रंग ओला राखणे हे पहिले, आणि आजची छटा उद्यासाठी जपणे हे दुसरे. पहिले काम पाटीने करावे. दुसरे एका छोट्या डबीने.

रीत अशी. पटाला लागणारी तांबडी, निळी, हिरवी अशी मुख्य मिश्रणे पहिल्याच दिवशी एकदम कालवावीत आणि पाणी न घालता घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यांत भरावीत. डबी गळ्यापर्यंत भरलेली असावी, म्हणजे आत हवा कमी राहते. तयार रंगात कारखान्यातच परिरक्षक घातलेले असते, म्हणून तो महिनोन्‌महिने टिकतो. पाणी मिसळले की ते परिरक्षक विरळ होते आणि रंग नासण्याची शक्यता वाढते. यासाठीच पाणी पाटीवर लागावे, डबीत नव्हे. रोज बसताना डबीतून तांदळाच्या दाण्याएवढा रंग कोरड्या काडीने काढावा. गजामागची तांबडी निर्धूम अग्नीपर्यंत एकच राहते.

आणि पाटी रोज नव्याने मांडावी. उकळलेल्या पाण्याची जी मुदत घराघरांत पाळली जाते, ती इथेही मापासारखी उपयोगी पडते : उन्हाळ्यात पाच प्रहर, हिवाळ्यात चार, चातुर्मासात तीन. ही मर्यादा पिण्याच्या पाण्याची आहे, हे खरे. पण कापडाची ओल त्याहून अधिक काळ राहू द्यायची नाही, एवढा नेम केला, तर चातुर्मासात साधारण नऊ तास हाती येतात. सकाळी मांडलेल्या पाटीवर दुपारी आणि सायंकाळी, अशा दोन बैठका निवांत होतात. मग कागद काढून टाकावा, कापड धुऊन पिळून मोकळ्या हवेत वाळत घालावे, डबा पुसून उघडाच ठेवावा. कापडाच्या दोन घड्या आलटून पालटून वापरल्या, तर पावसाळ्यातही एक नेहमी कोरडी मिळते. ऊन नसेल त्या दिवशी इस्त्री फिरवावी.

कुंचला धुतलेल्या पाण्याचीही तितकीच काळजी घ्यावी. आधी कुंचला चिंधीला पुसावा, म्हणजे पाण्यात रंग कमीच जातो. ते पाणी मोरीत ओतू नये. त्यातील राळ नाल्यातून खाडीपर्यंत जाते. पसरट ताटात काढून, त्यात कीटक पडू नयेत म्हणून वर बारीक जाळी घालून ते सुकू द्यावे. पाणी उडून गेल्यावर तळाशी राहिलेला पापुद्रा सुक्या कचऱ्यात टाकावा. वस्तू कशी परठवावी, याचा विवेक साधुजीवनात समितीचे स्थान पावला आहे. गृहस्थाने त्याचा लहानसा अंश आपल्या छंदात आणावा, यात अवघड काही नाही.

पाहावे आणि मग रंगवावे

हात बसण्यापूर्वी डोळा बसावा लागतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पश्चिम भारतीय जैन लघुचित्रांचा संग्रह आहे. याच संग्रहालयाचे संचालक राहिलेले डॉ. मोतीचंद्र यांचा या चित्रांवरील ग्रंथ १९४९ साली अहमदाबादच्या साराभाई नवाब यांनी प्रसिद्ध केला. मुनी पुण्यविजयजींनी जैसलमेरसारख्या भांडारांतील पोथ्या वर्षानुवर्षे खपून नीट लावल्या, त्यांच्या याद्या केल्या. आज ही चित्रे अभ्यासता येतात त्यामागे असे श्रम आहेत. संवत्सरीच्या दिवशी बारसासूत्राची चित्रे सभेला दाखवली जातात, तेव्हाही नुसते दर्शन घेऊन न थांबता तांबड्या भूमीवर निळा किती आणि सोने किती, रेषा कुठे जाड आणि कुठे केसाएवढी, हे न्याहाळावे.

त्या जुन्या पोथ्या लिहवून घेणारे बहुधा श्रावकच होते. अनेक पोथ्यांच्या शेवटी त्यांची प्रशस्ती आहे : कुठल्या गावच्या, कुठल्या कुळाच्या श्रावकाने किंवा श्राविकेने कोणाच्या श्रेयासाठी हा ग्रंथ करविला. त्यांनी द्रव्य दिले आणि चित्रकाराने हात दिला. आजच्या व्यापारी घरात द्रव्य देण्याची परंपरा शाबूत आहे. हात देण्याची संधी मात्र त्या पूर्वजांना क्वचितच मिळाली. ती आता एका मिठाईच्या डब्यात, पंचाच्या तुकड्यात आणि रोजच्या अठ्ठेचाळीस मिनिटांत मावते.

आषाढी चौदसेला चातुर्मास बसला की संवत्सरीपर्यंत जेमतेम सात आठवडे मिळतात. चौदा स्वप्ने, एका स्वप्नाला तीन दिवस, असा हिशेब धरला, तर बेचाळीस दिवस लागतात. आठवडाभर हातचा राहतो. व्यापारी घराला एवढा हिशेब पुरेसा आहे.